शेठ प्रेमचंद रायचंद : हयातीत दिलेले दान

लक्ष्मी चंचल आहे, हे प्रत्येक जैन व्यापाऱ्याच्या कानावर लहानपणीच पडते. पेढीवर बसू लागल्यानंतर मात्र त्याचा अर्थ निराळा उमगतो. तेजीत घरात आलेला पैसा मंदीत कोणत्या दाराने गेला, हे कित्येकदा खतावणी उलगडूनही कळत नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी हा अनुभव जेवढ्या मोठ्या प्रमाणावर घेतला, तेवढा क्वचितच कोणी घेतला असेल. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी सारी मुंबई त्यांच्या शब्दावर सौदे करीत होती आणि पुढील दोन वर्षांत त्यांचे सर्वस्व गेले. तरीही त्यांनी दिलेले दान आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर शाबूत आहे. संपत्ती गेली आणि दान राहिले, हे कसे घडले याचा विचार मालमत्तेची व्यवस्था लावू पाहणाऱ्या प्रत्येक श्रावकाने करण्याजोगा आहे.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरत येथे झाला. पिता रायचंद दीपचंद हे सामान्य स्थितीतील व्यापारी होते. माता राजाबाई धर्मपरायण होत्या. सुरतेचे बंदर तोवर मागे पडले होते आणि गुजरातेतील अनेक जैन, वैष्णव व पारशी कुटुंबांप्रमाणे रायचंदभाईंनीही मुंबईची वाट धरली. लहानग्या प्रेमचंदांना तेथे इंग्रजी शिक्षण मिळाले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु त्या काळी देशी दलालांपैकी इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा माणूस शोधून सापडत नसे. साहेबांच्या बँका, कापसाच्या निर्यातदार कंपन्या आणि देशी सावकार यांच्यामध्ये दुभाष्या लागे आणि त्या दुभाष्याची दलाली वेगळी द्यावी लागे. प्रेमचंदांनी हा मधला माणूसच काढून टाकला. कोवळ्या वयात एका नामांकित दलालाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली आणि काही वर्षांतच रोखे, सोने-चांदी व कापूस या तिन्ही बाजारांत त्यांचा स्वतःचा जम बसला.

त्या वेळी शेअर बाजाराला ना इमारत होती ना नियमावली. टाउन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली दलाल जमत आणि तोंडी सौदे करीत. शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या सावलीत जागा नसे. प्रेमचंदांची स्मरणशक्ती विलक्षण होती आणि कागदावर टिपण न करता ते मोठमोठे व्यवहार लक्षात ठेवीत, असे सांगतात. पुढे १८७५ साली दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची मूळ संस्था. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचे नाव आदराने घेतले जाते.

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या ज्या अमेरिकन रुईवर चालत, तिची आवक बंद पडली. तोवर हिंदुस्थानची आखूड धाग्याची रुई तेथील गिरणीवाल्यांना नकोशी होती, कारण ती सुतात तुटे आणि तिच्यात कचरा व सरकीही पुष्कळ असे. आता तिच्यावाचून त्यांचा इलाजच राहिला नाही. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड अशा चहूकडून गाठी मुंबईकडे धावू लागल्या. भाव असे चढले की लोकांनी घरातील जुन्या गाद्या उसवून त्यातील कापूस विकला, अशी कथा प्रसिद्ध आहे. कापडाच्या धंद्यातील माणसाला ती अतिशयोक्तीची वाटणार नाही. कच्च्या मालाचा भाव चढला की काय काय बाजारात येते, हे त्याने स्वतः पाहिलेले असते.

या तेजीत प्रेमचंद अग्रभागी होते. लिव्हरपूलचे भाव घेऊन येणारी टपालाची आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच आपली माणसे छोट्या होड्यांतून पाठवून ते बातमी काढून आणीत, असे म्हणतात. कापसाचा राजा ही पदवी लोकांनी त्यांना याच काळात दिली. अल्पावधीत मुंबईत एवढा पैसा आला की तो ठेवावा कोठे हा प्रश्न पडला. मग नव्या बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्र अजून जागच्या जागी होता आणि त्यातून निघावयाच्या जमिनीचा भाव मात्र दसपट झाला होता. कोणत्या कंपनीचे शेअर कोणाला मिळावेत हे प्रेमचंदांच्या शब्दावर ठरे. सकाळी त्यांच्या दाराशी गोऱ्या अधिकाऱ्यांपासून देशी शेठजींपर्यंत सर्वांची रीघ लागे. बँक ऑफ बॉम्बेसारख्या सरकारी भागीदारीच्या बँकेवरही त्यांचा एवढा प्रभाव पडला की शेअर तारण घेऊन, पुढे पुढे तर पुरेसे तारणही न पाहता, लक्षावधींची कर्जे दिली जाऊ लागली.

इतिहासाला हा भाग झाकता येणार नाही आणि झाकूही नये. सत्पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या चुकांवर शाल घालण्याची आपल्याकडे रीत आहे, पण प्रेमचंदांच्या दानाचे मोल समजण्यासाठी त्यांच्या सट्ट्याचे माप माहीत असणे आवश्यक आहे.

तेजी ऐन भरात असतानाच्या १८६४ सालाकडे आता लक्ष देऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते. सात वर्षे झाली तरी त्याला स्वतःची इमारत नव्हती. त्याचा कारभार टाउन हॉलमधून चाले. १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी दोन लाख देऊ केले. ही दुसरी रक्कम मोठे घड्याळ आणि घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी होती आणि मनोऱ्याला मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. त्या काळचे चार लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, हे आजच्या आकड्यांत सांगणे कठीण आहे. कारकुनाला महिना पंधरा-वीस रुपयांवर घर चालवावे लागे, एवढे म्हटले तरी पुरेसे होईल. याच सुमारास सर कावसजी जहांगीर यांनी विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. एकमेकांशेजारी उभ्या असलेल्या या दोन वास्तू एका जैनाने आणि एका पारशाने दिलेल्या आहेत, हे मुंबईचे वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

आपल्याकडे दानाची सात क्षेत्रे सांगितली आहेत. जिनमंदिर, जिनबिंब, आगम आणि चतुर्विध संघ यांच्या सेवेत द्रव्य वेचावे, ही परंपरा आहे आणि प्रेमचंदांनीही धर्मकार्याला सढळ हाताने दिले. तरीही त्यांचे सर्वांत मोठे दान या क्षेत्रांबाहेर, सरकारने स्थापिलेल्या आणि सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या संस्थेला गेले, याचे त्या काळी काहींना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. ज्ञानदानाचे माहात्म्य आपण नेहमी सांगतो. ग्रंथालयाची भिंत बांधून देणे हे ज्ञानदान नव्हे असे म्हणणे कठीण आहे. अहमदाबादला शिक्षक तयार करणारे प्रेमचंद रायचंद ट्रेनिंग कॉलेज, सुरतेत मुलींची शाळा आणि भरूचचे ग्रंथालय यांच्या पाठीशीही त्यांचे द्रव्य होते. यांतील सुरतेच्या शाळेला आणि भरूचच्या ग्रंथालयाला त्यांनी वडिलांचे नाव दिले. ज्या काळात मुलींनी शिकावे की नाही यावरच वाद चालत, त्या काळात वडिलांच्या नावाने मुलींची शाळा काढणे हे धाडस होते.

कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले. कलकत्त्याशी त्यांचा घरोबा नव्हता, तेथे आप्तस्वकीय नव्हते. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताच्या विद्यापीठाला एवढी रक्कम द्यावी, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. या देणगीतून १८६६ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचा विस्तार पुढे येईलच.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत येऊन धडकली आणि कापसाचा भाव कोसळला. कापसापाठोपाठ शेअर पडले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचे वलण करण्याचा दिवस होता. त्या दिवशी ज्याने ज्याला देणे होते, त्यातील बहुतेकांकडे देण्यास काहीच नव्हते. क चे देणे ख वर, ख चे ग वर आणि ग दिवाळखोर, अशी साखळी तुटत गेली. एवढी दिवाळी निघाली की नादारांच्या प्रकरणांसाठी सरकारला त्या वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. पन्नास हजारांचा बॅक बे शेअर घ्यायला कोणी गिऱ्हाईक उरले नाही. बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले. १८६८ साली ती गुंडाळून नवी बँक काढावी लागली आणि सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या चौकशीत प्रेमचंदांना दिलेल्या कर्जांचा आणि बँकेच्या अधिकाऱ्यांवरील त्यांच्या प्रभावाचा ऊहापोह झाला. त्या बँकेच्या भागधारकांत निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे होती, विधवा होत्या, ज्यांनी कधी सट्टा केला नव्हता असे लोक होते. त्यांचे नुकसान प्रेमचंदांच्या नावे जमा-खर्चात मांडावेच लागते. एकट्या प्रेमचंदांनी ही वावटळ उठवली नव्हती, सारे शहर तिच्यात सामील होते, हेही तितकेच खरे. प्रेमचंदांची पेढीही टिकली नाही. ज्या माणसाच्या दाराशी रीघ लागत होती, त्याच्या दाराशी आता घेणेकरी उभे राहिले.

येथे व्यवहारी माणसाच्या मनात एक प्रश्न येतो. घरातील सारे गेले, मग विद्यापीठाला दिलेले चार लाख कसे वाचले?

उत्तर साधे आहे. ते पैसे प्रेमचंदांचे राहिलेच नव्हते. तेजी चालू असताना, देणी देण्याची पूर्ण ऐपत असताना त्यांनी ती रक्कम आपल्या हयातीत, आपल्या हाताने, दुसऱ्या स्वतंत्र संस्थेच्या स्वाधीन केली. तिच्यावर त्यांचा हक्क उरला नाही, म्हणून त्यांच्या घेणेकऱ्यांचाही उरला नाही. देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने, नादारी समोर दिसत असताना कोणी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून टाकली तर कायदा ते हस्तांतर मोडू शकतो. १८६४ सालच्या दानाला तसा कोणताही डाग नव्हता.

समजा, प्रेमचंदांनी हेच चार लाख आपल्या मृत्यूनंतर विद्यापीठाला मिळावेत असे लिहून ठेवले असते, तर काय झाले असते? इच्छापत्र हे माणसाच्या मृत्यूनंतरच अमलात येते. तोवर ते कितीही वेळा बदलता येते आणि त्यात नमूद केलेली मालमत्ता तोवर मालकाचीच असते, म्हणजे त्याच्या धंद्यातील जोखमीलाही तीच बांधलेली असते. मृत्यूनंतरही प्रथम अंत्यविधीचा व व्यवस्थेचा खर्च, मग सर्व कर्जे आणि त्यानंतर जे उरेल त्यातून देणग्या व वारसांचे वाटे, हाच क्रम चालतो. कर्जे भागवून काही उरलेच नाही तर इच्छापत्रातील धर्मादाय कलम कागदावरच राहते. १८६६ साली प्रेमचंदांच्या इच्छापत्रातून विद्यापीठाच्या हाती एक वीटही आली नसती.

त्या काळी तर इच्छापत्राचा कायदाही आपल्या समाजासाठी निश्चित झालेला नव्हता. मुंबई शहरातील हिंदू व जैनांच्या इच्छापत्रांना लेखी रूप, सही आणि दोन साक्षीदार यांची आवश्यकता १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने घालून दिली. त्यात जैनांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. आज हे सारे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात सामावले आहे. साक्षीदार दोन हवेत, त्यांनी इच्छापत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले हवे किंवा ती सही आपली असल्याचे त्याच्याकडून ऐकलेले हवे, आणि ज्याला इच्छापत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, एवढ्या साध्या गोष्टी न पाळल्यामुळे आजही कित्येक घरांत भाऊ-भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या चढतात.

इच्छापत्राचे वा अंतिम इच्छेचे दान निष्फळच होते असे मात्र नाही. शेठ मोतीशा यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. पालिताण्यास शत्रुंजयावर त्यांनी टूंक बांधावयास घेतली आणि १८३६ साली त्यांचे देहावसान झाले. पुत्र खीमचंदभाईंनी दुसऱ्याच वर्षी प्रतिष्ठा करून पित्याचा संकल्प पूर्णत्वास नेला. ते घडले, कारण पुत्र तसा होता आणि तिजोरीही भरलेली होती. या दोहोंपैकी एकाचीही खात्री कोणाला देता येत नाही. मंदिरात बोली बोलल्यानंतर रक्कम ताबडतोब भरावी, घरी ठेवू नये, असे महाराज साहेब वारंवार बजावतात. त्यामागे धर्माचा विचार आहेच, पण व्यवहाराचे शहाणपणही तेवढेच आहे. बोललेला आकडा आणि भरलेली रक्कम यांच्यामध्ये किती मंद्या, किती आजार आणि किती भांडणे येऊ शकतात, हे बाजारात बसलेल्यांना कळते.

प्रेमचंद नादार झाले आणि मनोरा मात्र उभा राहू लागला. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुविशारदाचा होता. स्कॉट स्वतः मुंबईला कधी आले नाहीत. त्यांनी विलायतेत बसून नकाशे पाठवले. कुर्ल्याच्या खाणीतील पिवळसर दगडाचा हा मनोरा नऊ-दहा वर्षे चढत राहिला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट भरली. तत्कालीन मुंबईत एवढे उंच दुसरे काही नव्हते. ग्रंथालय व मनोरा मिळून खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जाती-जमातींच्या माणसांचे पुतळे बसवलेले आहेत. घंटा दर पाव तासाला वाजत आणि सुरुवातीच्या काळात त्यांतून विलायती चाली ऐकू येत. जैन मातेच्या नावाचा मनोरा, गॉथिक शैलीची बांधणी आणि ख्रिस्ती देवळातील घंटांचे सूर, असा हा मेळ मुंबईतच जमू शकतो.

राजाबाईंविषयी एक कथा घराघरांत सांगितली जाते. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी गेली होती. चौविहाराचे व्रत असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणे आवश्यक, पण वेळ कळण्यास साधन नाही. कोणाला विचारावे लागू नये, घंटा ऐकून मातोश्रींना वेळ समजावी, म्हणून पुत्राने हा मनोरा बांधला, अशी ती कथा आहे. कोटातील घंटेचा नाद भायखळ्याच्या बंगल्यापर्यंत पोचत होता काय, असा व्यापारी प्रश्न कोणी विचारू शकेल. पण कथा टिकून आहे, कारण तिच्यात मुंबईच्या लोकांना पटणारे काही आहे. देवळाला, शाळेला, धर्मशाळेला आईचे नाव देणारे पुष्कळ असतात. शहराच्या घड्याळाला आईचे नाव देणारा एकच झाला. फोर्टात कामाला जाणारा माणूस, तो कोणत्याही धर्माचा असो, राजाबाई हे नाव दिवसातून एकदा तरी उच्चारू लागला.

कलकत्त्याच्या दानाचा वृत्तान्त याहून वेगळा आहे. तेथे इमारत नाही, केवळ मुद्दल आहे आणि त्याच्या व्याजावर विद्वान घडत गेले. कलकत्ता विद्यापीठात प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळणे हा सर्वोच्च मान समजला जाऊ लागला. बंगालमध्ये नावापुढे पी.आर.एस. ही अक्षरे लिहिण्याचा प्रघात पडला. आनंदमोहन बोस, पुढे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी, इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार ही त्या मालिकेतील काही नावे. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांतील एक नाव फार मोलाचे आहे. १८९७ साली ही शिष्यवृत्ती जदुनाथ सरकार यांना मिळाली. त्यासाठी केलेले औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरील त्यांचे संशोधन १९०१ साली ग्रंथरूपाने आले. त्या अभ्यासातूनच ते मराठ्यांच्या इतिहासाकडे वळले. १९१९ साली त्यांचा शिवाजी महाराजांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि रियासतकार सरदेसाई यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह जुळला. त्यांच्या काही मतांविषयी महाराष्ट्रात वाद झाले व आजही होतात. त्यांच्या परिश्रमांविषयी मात्र वाद नाही. सुरतेच्या जैन दलालाने मुंबईत कमावलेला पैसा कलकत्त्यास गेला आणि तेथील तरुणाला मराठ्यांच्या इतिहासापर्यंत घेऊन आला. दान देताना प्रेमचंदांना यांतील काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

प्रेमचंदांनी त्या पैशाच्या विनियोगाची दोरी आपल्या हाती ठेवली नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आजीव अध्यक्षपद, घराण्यातील अमुक जणांना कायमचे विश्वस्तपद, अमुक जातीच्याच विद्यार्थ्याला लाभ, असल्या अटींच्या ओझ्याखाली अनेक चांगल्या देणग्या वाकलेल्या दिसतात. पन्नास वर्षांनी परिस्थिती पालटते, अट तशीच राहते आणि विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालावे लागतात. विद्यापीठाला दिलेली रक्कम विद्यापीठाच्या सभेने चालवावी एवढेच ठरले, म्हणून ती काळाबरोबर चालू शकली.

नादारीनंतर प्रेमचंद चाळीस वर्षे जगले. त्यांच्या जीवनाचा हा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, कारण त्यात चमत्कार नाही. ते शहर सोडून गेले नाहीत, तोंड लपवून बसले नाहीत. पुन्हा दलाली सुरू करून त्यांनी धंदा हळूहळू उभा केला. पूर्वीचे वैभव परत आले नाही. पण पत परत आली, आणि बाजारात पत गेलेल्या माणसाला ती परत मिळवणे हे वैभव मिळवण्याहून अवघड असते. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९१३ साली दिनशा वाच्छा यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. वाच्छा यांनी तेजीचा तो काळ स्वतः पाहिला होता.

त्यांचे नाव लावणारी पेढी पुढील पिढ्यांनी चालवली. घराण्यातील सर किकाभाई प्रेमचंद यांचे नाव वाणिज्य शाखेच्या आणि करसल्लागारांच्या परिचयाचे आहे. ते चांदी व शेअरचे व्यापारी होते. धंद्यातील काही चांदीच्या लगडी व शेअर बाहेर काढून त्यांनी विश्वस्त निधींच्या स्वाधीन केले आणि वहीत खरेदीच्या भावाने नोंद केली. आयकर खात्याचे म्हणणे पडले की त्या दिवशीचा बाजारभाव धरून फरकावर कर द्यावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५३ च्या ऑक्टोबरात निकाल लागला की येथे विक्री झालेली नाही, माणूस स्वतःशीच व्यापार करून नफा मिळवू शकत नाही, म्हणून खरेदीच्या भावाची नोंद योग्य आहे. नंतरच्या काळात करकायद्यात पुष्कळ बदल झाले. त्यामुळे धंद्यातील माल वा शेअर विश्वस्त निधीला देताना हिशेबनिसाचा सल्ला आज आधी घ्यावा लागतो. तरी तो निवाडा अभ्यासक्रमांत शिकवला जातो.

भायखळ्याचा प्रेमोद्यान हा शेठजींचा बंगलाही त्यांच्या घराण्याकडे राहिला नाही. तेथे ख्रिस्ती भगिनींचे रेजिना पासिस कॉन्व्हेंट आले आणि ज्या दिवाणखान्यात कधीकाळी शेअरचे वाटप ठरत असे, त्या आवारात मुलींचे शिक्षण सुरू झाले. कोटातील मनोऱ्याच्या दगडांना काळाने ग्रासले होते, रंगीत काचा फुटल्या होत्या. त्याचा जीर्णोद्धार २०१५ साली पूर्ण झाला. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर या दोहोंचा समावेश आहे.